समलिंगी विवाह आणि बंदुकीचा परवाना: वादविवादासाठी माझी बाजू तपासून द्याल का? (नागपूर)

संत्रानगरी_१९

नमस्कार दादा-ताई. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय आला आहे: "समलिंगी विवाह आणि शस्त्रनियंत्रण या दोन्ही बाबतीत कायद्याने तरुणांचं ऐकलं पाहिजे." मी अनुकूल बाजूने बोलणार आहे. मांडणीला सहा मिनिटं, खंडनाला दोन.

माझं मत असं आहे. दोन सज्ञान माणसं राजीखुशीने लग्न करत असतील तर त्यात तिसऱ्याचं काहीच जात नाही, म्हणून तिथे सरकारने बाजूला व्हावं. घरात बंदूक आली की तिसऱ्याच्या जिवाचा प्रश्न येतो, म्हणून तिथे सरकारने पकड घट्ट ठेवावी. दोन्हींमागे एकच कसोटी आहे: इजा कुणाला होते?

प्रतिकूल बाजूवाले दोन गोष्टी म्हणणार हे नक्की. एक, "३७७ गेलं, आता आणखी काय पाहिजे?" आणि दोन, "ही जोडी अमेरिकेतून उचललेली आहे, आपल्याकडे बंदुकीचा प्रश्नच नाही." या दोन्हींना नेमकं उत्तर हवं आहे, कलमांसकट. माझ्या मतात कच्चं काय आहे तेही सांगा. वाईट वाटणार नाही.

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

कसोटी चांगली आहे, पण "सरकारने बाजूला व्हावं" हे वाक्य आधी काढून टाक. सरकार बाजूला होण्याचं काम ६ सप्टेंबर २०१८ ला झालं. नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा नाहीत. त्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हेच म्हटलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ते फिरवलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही.

लग्नाची मागणी याच्या उलट आहे. सरकारने जवळ यावं, रजिस्टर उघडावं आणि दोघांची नावं लिहून घ्यावीत, अशी ती मागणी आहे. ही गोष्ट तू स्वतःहून बोललीस तर "आणखी काय पाहिजे" हा प्रश्न विचारण्याआधीच संपतो.

निकाल नीट पाठ कर, इथे बहुतेक स्पर्धक घसरतात. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार, १७ ऑक्टोबर २०२३. घटनेत लग्नाचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा, १९५४ न्यायालयाने नव्याने लिहायचा नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली ती नागरी जोडीदारीच्या (लग्न न म्हणता नात्याला कायदेशीर ओळख) मान्यतेवर आणि दत्तकावर. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा दुसऱ्या बाजूला. "३-२ ने लग्न नाकारलं" असं बोललीस तर जाणकार परीक्षक तिथेच गुण कापेल. आणखी एक मुद्दा पाचही जणांनी मान्य केला: पारलिंगी व्यक्तीचं भिन्नलिंगी नातं असेल तर ती आजच्याच कायद्याखाली लग्न करू शकते. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

आता रजिस्टरमध्ये नाव नसल्याने काय अडतं ते बघ. तुझ्या भाषणाचा जीव इथे आहे, सहातली निदान अडीच मिनिटं यालाच दे.

समज, धरमपेठेत दोन पुरुष वीस वर्षं एकत्र राहतात. फ्लॅट एकाच्या नावावर आहे आणि तो मृत्युपत्र न करता वारला. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आधी वर्ग एकचे वारस, म्हणजे आई, मुलं, पत्नी. ते नसतील तर वर्ग दोन, म्हणजे वडील, मग भावंडं. मग दूरचे सगोत्र, मग इतर नातलग. कुणीच नसेल तर कलम २९ प्रमाणे मालमत्ता सरकारजमा होते. या पूर्ण यादीत जोडीदार कुठेच नाही. चुलत्याच्या नातवाचा नंबर लागतो, शेवटी सरकारचाही लागतो, याचा लागत नाही. हे सभागृहात सावकाश सांग.

समोरून उत्तर येईल: "मग नॉमिनी करा." अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्याने संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही एकाच घरातली माणसं धरा अशी सूचना निघाली. चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या प्रकरणात हे पुन्हा सांगितलं. विम्यात तर फरक कायद्यातच लिहिलेला आहे: विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या मालकीची होते, इतर नॉमिनी ती फक्त घेतो. पीएफचं आणखी कठीण. सभासदाला योजनेच्या व्याख्येतलं "कुटुंब" असेल, उदाहरणार्थ अवलंबून असलेले आईवडील, तर बाहेरच्याचं नामनिर्देशन चालत नाही.

आज हाताशी जे कागद आहेत तेही सांग, म्हणजे भाषण नुसतं गाऱ्हाणं वाटणार नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि ज्याला मालमत्ता मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण घरच्यांचा विरोध दिसत असेल तर नोंदवलेलं बरं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चं कलम १४ फार कामाचं आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे: मानसिक आजाराच्या उपचारांपुरता कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, तो नात्यातला असण्याची अट नाही. मुखत्यारपत्रावर मात्र भिस्त ठेवू नये. करून देणारा माणूस गेला की तेही संपतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो नुसता कागद उरतो.

दत्तकाचं एकच वाक्य पुरे. एकटी व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते (एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही), पण मग मुलाला कायद्याने पालक एकच. तो गेला तर दुसरा, ज्याने डबे भरले आणि शाळेत सोडलं, तो त्या मुलाचा कोणीच लागत नाही.

---

काटोल_नाका

मी शस्त्रपरवान्याच्या बाजूचं लिहितो. वकील ताईंनी पहिलं वाक्य काढायला सांगितलं, मी दुसरं बदलायला सांगतो. "सरकारने पकड घट्ट ठेवावी" म्हणालीस की वाटतं आज ती ढिली आहे. कागदावर ती चांगलीच घट्ट आहे.

भारतात शस्त्र बाळगण्याचा हक्क नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) मध्ये "शांततेने व विनाशस्त्र" एकत्र जमण्याचा हक्क आहे. "विनाशस्त्र" हा शब्द अधोरेखित करून ठेव, "अमेरिकेतून उचललेलं" या आक्षेपाला तो पुरेसा आहे. आपल्या राज्यघटनेने हा प्रश्न आपल्या पद्धतीने आधीच सोडवलेला आहे.

आता परवान्याची कार्यपद्धत. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण पाहिजे, म्हणजे तू १९ ची असशील तर तुला मत देता येतं, बंदूक मागता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणाला कायद्यात वेगळी सवलत आहे. अर्ज नमुना ए-१ मध्ये, सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, डॉक्टरचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि बंदूक घरात कुठे, कशी कुलपात ठेवणार त्याची हमी. मग ठाण्यामार्फत चौकशी: गुन्हे, शेजार, वागणूक, धोका खरा आहे का. परवाना मिळाला तर पाच वर्षांचा, राष्ट्रीय डेटाबेसमधल्या युनिक नंबरासह.

एक बारकावा तुझ्या उपयोगाचा आहे. कलम १३ मध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. निदान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची (नळी आतून गुळगुळीत असलेली) बंदूक स्वसंरक्षणाला किंवा खेळाला, आणि शेतीच्या राखणीला भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक), यासाठी कायद्याची भाषा परवाना "द्यावा" अशी आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी अधिकाऱ्याला "योग्य कारण" पटलं पाहिजे. बहुतेक अर्ज इथेच पडतात. "जिवाला धोका" एवढंच लिहिलेलं असतं. धमकीची तक्रार नाही, व्यवसायाचा कागद नाही. मालमत्ता नाही म्हणून मात्र नाकारता येत नाही, कलम १४(२) तसं स्पष्ट म्हणतं. नाकारलं तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि कलम १८ खाली अपील होतं.

२०१९ ची दुरुस्ती नक्की घे. एका माणसाकडे आधी तीन शस्त्रं चालत, आता दोन. बेकायदा कारखान्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. आणि वरातीत, सभेत, देवळात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न आणि बंदूक आपल्या कायद्यात शेजारी येतात ती इथेच. तुझ्या विषयाला हा सांधा चपखल बसतो.

मग प्रश्न कुठे आहे? बिनपरवान्याच्या मालात. पेपरात "देशी कट्टा, दोन जिवंत काडतुसं" वाचतेस ना, त्या माणसाने ए-१ कधी भरलाच नसतो. म्हणून नुसतं "परवाने कडक करा" म्हटलं की समोरचा म्हणेल, चोराला अर्जाची काय भीती? त्याला उत्तर द्यायचं तर कट्टा बनवणारा, काडतूस पुरवणारा आणि परवानाधारकाच्या दुकानातून चोरून निघणारी काडतुसं, या तीन जागांवर बोट ठेव. काडतूस गावठी भट्टीत बनवणं अवघड, ते बहुधा कायदेशीर कारखान्यातूनच कुठूनतरी निसटलेलं असतं. म्हणून प्रत्येक काडतुसाचा हिशेब, वापरलेल्या पुंगळ्या परत घेणं, विक्रेत्याच्या रजिस्टरची तपासणी, ही मागणी ठोस होते.

बातम्या वाचताना कलम बघत जा. ४/२५ म्हणजे चाकू-तलवार, ३/२५ म्हणजे बंदूक-पिस्तूल. "आर्म्स ॲक्ट"च्या बातम्या मोजून "नागपुरात इतक्या बंदुका" म्हणालीस तर फसशील, त्यात धारदार शस्त्रांचे गुन्हेही असतात. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वार्षिक अहवालात जप्त शस्त्रांमध्ये परवाना असलेली आणि नसलेली वेगळी दाखवतात. महाराष्ट्राची ओळ स्वतः काढ, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नको.

आणि शेतकऱ्याला विसरू नकोस बाप्पा. नरखेड-काटोलच्या पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) रात्रीतून उभं पीक लोळवतात. त्याला भरमारचा परवाना शस्त्र कायद्याने मिळेल, पण डुक्कर मारायची परवानगी वेगळी, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली, वन खात्याकडून. ती नसताना गोळी घातली तर बंदूक कायदेशीर असूनही गुन्हा दाखल होतो. शहरातल्या मुलीने सरसकट "बंदुका बंद" म्हटलं तर सभागृहातली अर्धी खेड्यातली पोरं तिथेच तुझ्यापासून तुटतील, आणि ते बरोबरच आहे.

---

संत्रानगरी_१९

दोघांचे मनापासून आभार. म्हणजे माझी कसोटी "सरकार मागे / सरकार पुढे" अशी राहतच नाही. दोन्हीकडे सरकार हातात रजिस्टर घेऊन बसलंय. बंदुकीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिण्याआधी ते चौकशी करतं, कारण तिसऱ्याला इजा होऊ शकते. लग्नाच्या रजिस्टरमध्ये दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं नाव ते लिहितच नाही, आणि इजा कुणाला होते हे कुणी दाखवलेलं नाही. असं मांडलं तर चालेल?

---

वाद_परीक्षक

हे आधीपेक्षा पुष्कळ बरं आहे. पण विषयातला शब्द "तरुणांचं ऐकलं पाहिजे" असा आहे आणि त्यावर तू अजून एक अक्षर बोललेली नाहीस. प्रतिकूल वक्ता नेमका तिथे धरेल: कायदा वय बघून ऐकायला लागला तर म्हाताऱ्यांनी काय करायचं?

म्हणून "तरुण आहोत म्हणून ऐका" असं म्हणू नको. "परिणाम आमच्यावर सर्वात जास्त काळ राहणार आहेत आणि आम्ही कामाची, मोजता येणारी मागणी घेऊन आलो आहोत" असं म्हण. याला उदाहरण फ्लोरिडाचं. १४ फेब्रुवारी २०१८ ला पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जण मेले. वाचलेली पोरं थेट राज्याच्या राजधानीत गेली. ९ मार्चला राज्यपालांची सही झाली आणि रायफल घ्यायचं वय तिथे १८ वरून २१ झालं. महिनाभराच्या आत. मागणी नेमकी होती म्हणून ती कायद्यात उतरली. आपल्याकडे २१ ची अट आधीच आहे, हे त्याला जोडून सांग.

अमेरिका एवढ्यापुरतीच वापर. तिथे दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे (१७९१) बंदूक हा हक्क आहे, २००८ च्या हेलर निकालाने तो व्यक्तीचा हक्क ठरला. आणि २६ जून २०१५ च्या ओबर्गफेल निकालाने समलिंगी विवाहही हक्क झाला, तोही ५-४ ने. तिथे दोन्ही हक्क, इथे दोन्ही हक्क नाहीत. म्हणून तिकडची भाषणं इकडे चिकटवली की ती निखळून पडतात.

विरोधकांचं सर्वात चांगलं अस्त्र तैवान आहे, ते तूच आधी काढ. तिथल्या घटना न्यायालयाने मे २०१७ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला, नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात जनतेने विरोधात कौल दिला, आणि तरीही मे २०१९ मध्ये कायदा झाला. विरोधक म्हणेल "लोकांना नको होतं." तू म्हण, सार्वमताचा मान राखून नागरी संहितेतली लग्नाची व्याख्या तशीच ठेवली आणि वेगळा कायदा केला. वाट निघाली. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. तो संसदेने केला. "न्यायालयं लादतात" या आक्षेपाला हे आशियातलं उत्तर.

वेळेची वाटणी: पहिलं अर्धं मिनिट धरमपेठेच्या फ्लॅटला. व्याख्या नको, शेरोशायरी नको. मग दोन मिनिटं वारसा, विमा, दत्तक. पुढची दोन मिनिटं शस्त्र, त्यात कट्टा आणि भरमार दोन्ही. उरलेल्यात तरुणांचा मुद्दा. कलमांचे आकडे सहापेक्षा जास्त घेऊ नको, ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाहीत.

---

महाल_वाचक

मला समलिंगी विवाहाचा कायदा पटत नाही, तरी पोरीला मदत म्हणून लिहितो. विरोध करणारा प्रत्येक जण द्वेषाने करत नाही. माझ्यासारख्याचा आक्षेप असा आहे: विशेष विवाह कायद्यात पुरुषाचं वय २१, बाईचं १८. दोन पुरुष असतील तर कोणतं? पोटगी कलम ३६-३७ मध्ये "पत्नी"ला आहे. दोन बायकांत पत्नी कोण? घटस्फोटाची काही कारणं कलम २७(१क) मध्ये फक्त पत्नीला आहेत. एक शब्द बदलला की सगळी वीण उसवते. याचं उत्तर भावनेने देऊ नये, शब्दाने द्यावं.

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

काका, आक्षेप रास्त आहे, आणि न्यायालयाने मागे पाऊल घेतलं त्यात याचा मोठा वाटा होता. पोरी, याचं उत्तर शब्दानेच देता येतं. वयासाठी "दोघांनाही २१" किंवा "दोघांनाही १८" असं एक वाक्य लागतं. पोटगीसाठी "पत्नी"ऐवजी "जोडीदार, ज्याचं उत्पन्न अपुरं आहे". हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये आजही पती किंवा पत्नी कोणीही पोटगी मागू शकतं, म्हणजे लिंग न बघता पोटगी लिहिता येते हे आपल्याच कायद्याने १९५५ मध्ये दाखवलं आहे. फक्त पत्नीसाठी असलेली घटस्फोटाची कारणं तशीच ठेवता येतात. काम किचकट आहे, पण मसुदा लिहिणाऱ्याच्या आवाक्यातलं आहे.

आणि हे काम कुणी करायचं, यात नागपूरकरांसाठी एक गोष्ट आहे. शस्त्रं हा विषय संघसूचीत आहे, तिथे दिल्लीच. विवाह आणि घटस्फोट समवर्ती सूचीत, नोंद ५. म्हणजे राज्य विधिमंडळही विवाहाचा कायदा करू शकतं. केंद्राच्या कायद्याशी तो भिडला तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. दर डिसेंबरात ते विधिमंडळ हिवाळी अधिवेशनाला आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये येतं. तरुणांचं कायद्याने कुठे ऐकावं असं विचारलं तर पत्ता सांगता येतो.

---

संत्रानगरी_१९

काका, तुमचा आक्षेप मी भाषणात घेणार आहे आणि "असं मानणारे सगळे द्वेष करत नाहीत" हेही बोलणार आहे. शेवटचं एकच तपासून द्या. उघडण्याचं वाक्य असं लिहिलंय: "२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जोडप्यांना दार बंद केलं." बरोबर आहे का?

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

नाही. न्यायालयाने सांगितलं की हे दार उघडणं विधिमंडळाचं काम आहे, आणि जोडप्यांच्या हक्कांचा विचार करायला केंद्राने समिती नेमावी. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. "दार बंद केलं" काढ आणि "संसदेकडे बोट दाखवलं" असं लिही.

---

काटोल_नाका

आणि शस्त्रांच्या भागात "गन लायसन्स" म्हणू नको, परवाना म्हण. एअरगनलाही सरसकट परवाना लागतो असं बोलू नकोस. २० ज्यूलपर्यंत ताकद आणि ०.१७७ इंचापर्यंत बोअर असेल तर लागत नाही, त्यापुढे लागतो. खंडनाच्या दोन मिनिटांत हा प्रश्न कोणीतरी टाकेलच.